गवसणी काढल्यानंतर

चार तारा, चार खुंट्या, चार मणी, चार दोरे. तंबोऱ्यात हाताळण्यासारखं एवढंच आहे. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत, डाव्या हाताला काम नाही. मधल्या बोटाने पहिली तार छेडायची, तर्जनीने उरलेल्या तीन, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे सहा वर्षांचं पोरही पाच मिनिटांत शिकतं. या वाद्यावर गाणं वाजत नाही, राग वाजत नाही, ते छेडून कुणी टाळी घेतल्याचंही ऐकिवात नाही. तरी गाणाऱ्यांच्या, आणि गाणं कधीच सोडून दिलेल्यांच्याही, कितीतरी घरांत कपाटाशेजारच्या कोपऱ्यात ते उभं असतं. आणि ते छेडता येणं आणि लावता येणं यांत काही वर्षांचं अंतर असतं.

संगीताचं आयुष्यातलं स्थान वगैरे विषय निघाला की बोलणं लगेच मैफलीकडे वळतं. पण गाणं शिकणाऱ्यांतले बहुतेक लोक कधीच मैफल करणार नसतात. त्यांच्या वाट्याला संगीत येतं ते दिवसभराची कामं आटोपल्यावर, तासाभराच्या रियाजात, आणि त्यातलाही पाव तास वाद्य लावण्यात जातो. तो पाव तास वाया गेला असं बहुतेकांना वाटतं. माझं मत उलट आहे, आणि ते का हे सांगायचं तर खुंट्या, दोरे आणि भोपळा यांच्याबद्दलच बोलावं लागेल.

‘आकाशाला गवसणी घालणे’ आपण सहज म्हणून जातो. गवसणी म्हणजे वाद्यावर चढवायची कापडी खोळ. आतून मऊ, बाहेरून जाड, खुंट्यांच्या बाजूला नाडी. तंबोरा पाच फुटांचा असला तरी गवसणीतून काढताना तो काचेसारखा हाताळावा लागतो, कारण खालचा भोपळा खरोखरच वाळलेला भोपळा असतो. त्याची पाठ टणक वाटते, पण टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली की अंड्यासारखी तडकते. सरस, लाकडाचा भुसा आणि कापड वापरून ती सांधता येते, आवाजही बराचसा परत येतो. पण तडा तबलीपर्यंत, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीपर्यंत, गेला असेल तर मात्र काम अवघड. म्हणून उचलताना एक हात दांडीला गळ्याजवळ आणि दुसरा भोपळ्याखाली. नुसत्या दांडीला धरून उचलणारा माणूस दिसला की जाणकाराच्या पोटात गोळा येतो.

आपल्याकडचे बहुतेक तंबोरे मिरजेचे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार मंडळींनी पटवर्धन संस्थानाच्या आश्रयाने तंतुवाद्यं बनवायला घेतली. त्यात फरीदसाहेब शिकलगारांचं नाव आद्य कारागीर म्हणून घेतात. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. ते स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे, आणि तंबोरा जुळवण्याच्या त्यांच्या कसबाचे दाखले अजून दिले जातात. स्वरावर सगळा भार टाकणारी गायकी आणि तंबोरे बनवणारं गाव यांची अशी गाठ पडली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे मात्र मिरजेचे नव्हेत. ते येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. भाजीचा दुधी किंवा लाल भोपळा इथे चालत नाही. हा कडू, जाड सालीचा असतो, तो वेलीवरच पूर्ण पिकू देतात आणि मग महिनोन् महिने वाळवतात. मर्दानी तंबोऱ्याला पन्नास इंचांच्या आसपास घेराचा लागतो, जनानीला त्याहून लहान. दांडी आणि तबली तून लाकडाची, वर चपडा लाखेचं पॉलिश. सतारीला तबली थोडी पातळ किंवा जाड झाली तर वाजवणारा हाताने सांभाळून घेतो. तंबोऱ्याला सांभाळून घेणारा हातच नाही. जे काही व्हायचं ते बनवतानाच होतं, आणि नंतर लावताना.

आता तारा. पहिली पंचमाची, म्हणजे ‘प’ची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे मध्य षड्जाच्या, ‘सा’च्या, चौथी खर्जाची, षड्जाच्या एक सप्तक खाली. जोडाच्या तारा पोलादी, साधारण ०.३० मिलिमीटर जाडीच्या. खर्जाची पितळी किंवा कांस्याची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पंचमाची तार जनानी तंबोऱ्यात बहुधा पोलादी असते, मर्दानीत पुष्कळदा पितळी. पट्टी म्हणजे पेटीची जी काळी किंवा पांढरी पट्टी षड्ज धरायची ती. पुरुषांची सहसा काळी एकच्या आगेमागे, बायकांची काळी चार-पाचच्या.

घरात एकच तंबोरा आणि गाणारे दोन, बाप काळी एकचा आणि लेक काळी चारची, ही नेहमीची अडचण. मग कुणीतरी मर्दानी तंबोराच ओढत ओढत वर नेतो. तारेचा ताण हा स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गात वाढतो. अर्धा स्वर चढवला, काळी एकवरून पांढरी दोनवर गेलात, की ताण बारा टक्क्यांनी वाढतो. काळी एकवरून पांढरी चारवर नेला तर दीडपटीच्याही पुढे जातो. तार कदाचित टिकेल, तुटेलच असं नाही. पण घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती ठोकळी, तबलीवर तेवढ्या जोराने दाबली जाते, तबली हळूहळू बसते, दांडी पुढे झुकते आणि दोन वर्षांनी ‘हा तंबोरा पूर्वीसारखा बोलत नाही’ अशी तक्रार सुरू होते. उलट दिशेने, जनानी तंबोरा काळी एकपर्यंत उतरवला तर तारा लोंबतात आणि नुसता खुळखुळाट ऐकू येतो. पट्टी बदलायची तर तारांचा संच बदलावा. जाडीतल्या ०.०२ मिलिमीटरच्या फरकानेही स्वभाव बदलतो. त्याच वाद्यात एक-दीड स्वरापेक्षा जास्त हलू नये, बाकीच्यासाठी दुसरं वाद्य.

लावायला बसायच्या आधी दोन कामं. एक, चारही मणी आपापल्या जागेच्या मधोमध आणायचे, म्हणजे पुढे वर-खाली सरकवायला जागा राहते. दोन, घोडीवरचे चारही दोरे तारेखालून खाली ओढून बाजूला करायचे. नवशिका दोरे जागच्या जागी ठेवून खुंट्या पिळायला लागतो आणि मग झंकारामुळे त्याला मूळ स्वरच ऐकू येत नाही. अर्धा तास जातो तो इथे. दोरे काढले की तार कोरडी, बुजलेली वाजते. तशीच हवी असते.

पहिल्यांदा जोडाची एक तार. स्वर पेटीवरून घ्या, फोनवरून घ्या, काही हरकत नाही. फक्त तार नेहमी खालून वर आणायची. ती चढली असेल तर पूर्ण उतरवून पुन्हा वर न्यायची, कारण वरून खाली आणलेली तार खुंट्यांजवळच्या आडव्या पट्टीवर आणि घोडीवर अडकून राहते आणि गाणं सुरू झाल्यावर गुपचूप घसरते. खुंटी फिरवताना तिला आत दाबत फिरवायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंटी अडकून बसते आणि एकदम झटक्याने सुटते. तेव्हा किंचित कोरडा साबण. उन्हाळ्यात किंवा वातानुकूलित सभागृहात ती आकसते आणि हात सोडला की सरसर उलगडते. तेव्हा खडूची पूड. तेल कधीही नाही. तेल लागलेली खुंटी पुढे वर्षानुवर्षं धरत नाही.

मग दुसरी जोडाची तार पहिलीला मिळवायची. सगळा अभ्यास इथे आहे. दोन तारा जवळजवळ एका स्वरात आल्या की आवाज डोलायला लागतो, मोठा-लहान, मोठा-लहान. एक तार सेकंदाला १३८.६ वेळा कंप पावत असेल आणि दुसरी १३९.१ वेळा, तर दोन सेकंदांत एक हेलकावा येतो. तारा जवळ येतील तसे हेलकावे लांबत जातात आणि एका क्षणी थांबतात. कान नवा असला की त्याला वाटतं ते थांबले. प्रत्यक्षात ते फक्त मूळ स्वरात थांबलेले असतात. तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरही उमटत असतात, आणि खालच्या फरकाचा वर तितक्याच पटीने गुणाकार होतो. खाली दोन सेकंदांत एक हेलकावा असेल, तर पाचव्या उपस्वरात तेवढ्याच वेळात पाच. म्हणून अनुभवी माणूस जोड लावताना खालचा जाड आवाज सोडून वरची बारीक चमक ऐकतो. ती चमक थरथरायची थांबली तर जोड लागली.

खुंटीने इतकं बारीक काम होत नाही, ते मण्याने करायचं. मणी तारेत ओवलेला असतो, घोडीच्या खालच्या बाजूला, तबलीवर टेकलेला. तो घोडीपासून लांब, खालच्या टोकाकडे सरकवला की स्वर कणभर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. काचेचा मणी गुळगुळीत सरकतो, हाडाचा जागेवर बसतो. मी हाडाच्या बाजूचा.

खर्ज त्यानंतर. पितळी तार मऊ असते, नवी घातली की तीन-चार दिवस ताणतच राहते. मैफलीच्या दिवशी सकाळी नवी खर्जाची तार घालणाऱ्याला संध्याकाळी दर दोन चिजांनंतर मण्याकडे हात न्यावा लागतो. दुसरा दोष जास्त फसवा. घालताना तारेला एखादा मुरका पडला, खुंटीजवळ का होईना, तर ती तार एका स्वरात कधीच वाजत नाही. तिचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, आणि लावणाऱ्याला वाटतं की आपलाच कान बिघडलाय. पंधरा मिनिटं लावून खर्ज स्थिर होत नसेल तर स्वतःला दोष देऊ नये, तार बदलावी.

शेवटी पंचम. खर्जाच्या षड्जाशी त्याचं नातं दीडपटीचं, सरळ आणि मोकळं, म्हणून तो लवकर सापडतो. पण आता चारही तारांचा ताण तबलीवर आलेला असतो आणि पहिली लावलेली जोडाची तार त्या दाबाने किंचित उतरलेली असते. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून एक फेरी. मग अजून एक. ही परतफेरी टाळता येत नाही, फक्त लहान करता येते. सरावलेल्या हाताला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पहिल्या वर्षी चाळीस लागली तर ते सामान्य आहे.

मग दोरे. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो अगदी हलक्या उताराचा असतो. त्या उताराला जवारी म्हणतात, आणि त्यातून येणाऱ्या झंकारालाही जवारीच म्हणतात. तार घोडीच्या कडेवर टेकून थांबत नाही. कंप पावताना ती त्या उतारावर निसटती टेकत-सुटत राहते. तिची लांबी क्षणोक्षणी केसभर बदलते आणि प्रत्येक टेकण्याबरोबर वरच्या उपस्वरांना नवं बळ मिळतं. पुस्तकातला नियम सांगतो की तार बरोबर मध्यावर छेडली तर ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू तिथे पडतो ते उमटू नयेत. तंबोऱ्यात ते स्वच्छ ऐकू येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्याच्या घोडीवर लिहिताना नेमकं हेच दाखवलं. कारागिरांना नियम ठाऊक नव्हता, त्यामुळे तो मोडल्याचंही त्यांना कधी कळलं नाही.

दोरा तारेखाली घालून उताराच्या दिशेने अगदी हळू सरकवायचा. साधा सुती किंवा रेशमी दोरा, एकपदरी. आधी काहीच होत नाही. मग एका जागी आवाज फुलतो, तार जणू उजळते. तिथून अर्धा मिलिमीटर पुढे गेलात की तोच आवाज कर्कश होतो किंवा पुन्हा मिटतो. चारही तारा एकाच प्रमाणात उघडायला हव्यात. पंचम झगझगीत आणि खर्ज मुका अशी अवस्था फार ठिकाणी ऐकायला मिळते. तिथे तंबोरा चार तारांचा राहत नाही, तीन तारा आणि एक ठोका असा होतो. दोरा घातल्यावर स्वर किंचित हलतो, म्हणून पुन्हा मण्यांवर एक हात. आणि दोरा झिजतो. त्याला तारेचा काप पडला की झंकार चिरका होतो. महिन्या-दोन महिन्यांनी नवा घालावा. दोऱ्याला काही किंमत नसते, तरी तो बदलायचा आळस मात्र विलक्षण असतो.

दोरा कुठेही ठेवला तरी आवाज फुलत नसेल तर घोडीच झिजली आहे. रोजच्या वापराने तारा तिच्यावर बारीक चर पाडतात. त्यावर उपाय जवारी काढून घेण्याचा: कानशीने आणि मग घासकागदाने तो उतार पुन्हा घडवणं. हे घरी करू नये. कानशीचा एक हात जास्त फिरला की घोडी गेली. कारागीर घासतो, तारा चढवतो, ऐकतो, उतरवतो, परत घासतो. त्याला सांगताना ‘चांगली काढा’ म्हणू नका. खुली, म्हणजे मोकळ्या झंकाराची, हवी की बंद, म्हणजे दबक्या झंकाराची, आणि कुठल्या पट्टीत लावणार, एवढं सांगा. त्याच पट्टीत लावून समोर ऐका. एका पट्टीसाठी काढलेली जवारी तीन स्वर वर तशीच बोलत नाही.

हे सगळं जमलं की गांधार, म्हणजे ‘ग’, येतो. कुठल्याही तारेवर गांधार लावलेला नसतो, तरी येतो. खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर गांधाराचा आहे. काळी एकचा खर्ज सेकंदाला ६९.३ कंपनांचा, त्याच्या पाचपट ३४६.५. जुने लोक त्याला स्वयंभू गांधार म्हणतात, आणि शब्द अचूक आहे. पेटीवर काळी एक षड्ज धरून गांधार दाबला, म्हणजे पांढरी चार, तर ती ३४९.२ वर वाजते. सेकंदाला जवळजवळ तीन हेलकाव्यांचा फरक. तंबोरा सुरेल असताना पेटीचा गांधार धरून ठेवला तर हे हेलकावे कुणालाही ऐकू येतात, त्यासाठी गाणं शिकलेलं असायची गरज नाही. पेटीवरचा जुना वाद यातूनच पेटला. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. त्या बंदीमागे इतरही कारणं होती, आणि पेटी वाजवणाऱ्यांवर तिने अन्याय केला असंच मला वाटतं. पण गांधाराबद्दलची तक्रार खरी होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांच्या, मोजमापाच्या मागे लागले, अब्दुल करीम खाँसाहेबांची त्यांना साथ मिळाली, आणि शेवटी हे सगळे ज्या कंपनांच्या मागे होते ती नीट लावलेल्या खर्जात फुकट मिळतात.

पंचमाच्या जागी दुसरा स्वर का लावतात तेही यातूनच कळतं. पंचमाच्या तारेचा तिसरा उपस्वर रिषभ आहे, पाचवा शुद्ध निषाद. मालकंसात हे दोन्ही वर्ज्य, आणि पंचमही वर्ज्य. पंचम लावून मालकंस गायला बसलं तर वाद्य प्रत्येक फेरीला तीन परके स्वर आणून टाकतं. म्हणून मध्यम. मध्यमाच्या तारेचा तिसरा उपस्वर थेट षड्जावर पडतो, सगळं वाद्य एकदम गोल वाटायला लागतं. मारवा-पूरियाला निषाद लावतात, आणि निषाद लावणं हे सर्वांत अवघड, कारण तो षड्जाला सरळ टेकत नाही. युक्ती अशी की आधी खर्ज इतका स्वच्छ करायचा की गांधार ऐकू येईल, मग त्या गांधाराला षड्ज मानून त्याच्या पंचमासारखा निषाद शोधायचा. जो स्वर कुणी वाजवत नाही त्याच्या आधाराने दुसरा स्वर लावायचा. हे पहिल्यांदा जमतं त्या दिवशी माणूस बहुधा गायचं विसरतो आणि नुसता छेडत बसतो.

छेडण्याबद्दल थोडंसं. तर्जनी तारेला जवळजवळ समांतर ठेवून बोटाच्या मांसल भागाने, नखाने नाही, दांडीच्या मध्याच्या आसपास तार सोडायची. ओढायची नाही. जोराने ओढलेली तार सुरुवातीला चढी वाजते आणि मग खाली येते, विशेषतः खर्ज, आणि सगळी मेहनत बोटाने पुसली जाते. एका फेऱ्याला चार-पाच सेकंद. आधीची तार विझायच्या आत पुढची आली पाहिजे, म्हणजे आवाजाला शिवण दिसत नाही. तबला सुरू झाला की हात नकळत तालात पडायला लागतो. तो पडू द्यायचा नाही. हे दिसतं त्याहून कठीण आहे. गायक समेवर येतो, सभागृह मान हलवतं, आणि मागे बसलेल्या तंबोरेवाल्याने त्या क्षणी जराही घाई न करता दुसरी जोड सोडायची असते. दोन-दोन तास. पत्रिकेत त्याचं नाव बहुधा नसतं.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये तो तयार केला तेव्हापासून भाड्याच्या खोल्यांतला, वसतिगृहांतला, पहाटे पाचचा रियाज शक्य झाला. आता तर फोन पुरतो. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून ६९ कंपनांचा खर्ज बाहेर पडतच नाही, पडतात ते त्याचे वरचे उपस्वर. कान त्यांच्यावरून खालचा स्वर स्वतःच रचतो, म्हणून आपल्याला खर्ज ‘ऐकू’ येतो. तेव्हा फोन लावायचाच तर बऱ्या स्पीकरला जोडून, पाठीमागे ठेवून, आपल्या आवाजापेक्षा लहान ठेवावा. मोठा ठेवला की गाणारा त्याच्यात लपतो आणि बेसूर झाल्याचं त्याला कळत नाही. यंत्राची खरी अडचण आवाजाची नाहीच. ते लावलेलंच येतं. जो पाव तास कानाला कामाला लावतो तोच त्याने वाचवला. शिकणाऱ्याचा गळा तयार होतो, पण दोन तारांतला अर्ध्या कंपनाचा फरक ओळखणारा कान तयार व्हायला त्याला कारणच मिळत नाही. आणि गळा वयाबरोबर जातो. साठीनंतर तार षड्जावरची तान गेली म्हणून पेटीपासून दूर झालेली माणसं तंबोरा मात्र पूर्वीपेक्षा चांगला लावतात.

असाच एक अखंड स्वर खेडोपाडी सप्त्यात असतो, तोही बघण्यासारखा आहे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहारे ठरलेले असतात. पहाटे तीनच्या पहाऱ्याला कुणीतरी शेतावरचा माणूस उठून येतो, आधीच्या वीणेकऱ्याच्या पाया पडतो, तो याच्या पाया पडतो, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, जमिनीला न टेकता. त्यातल्या पुष्कळांना गाता येत नाही. वीणा अनेकदा पेटीशी जुळलेलीही नसते, तारांचा फक्त झंकार असतो, आणि त्याबद्दल तिथे कुणाचं काही म्हणणं नसतं. जाणकार कानाला ते खटकतं, खटकावंही. पण त्या पहाऱ्याची शिस्त आणि मैफलीत मागे बसणाऱ्याची शिस्त एकच आहे: माझी पाळी असेपर्यंत हा आवाज तुटणार नाही. दोन्हीकडे गाणं दुसऱ्याचं असतं.

राहिली देखभाल. गाणं झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा पुसायच्या, घोडीपासून वर, एकेक. बोटाचा घाम पोलादी तारेला आठवड्यात गंज चढवतो, आणि गंजलेली तार दोऱ्याला कानशीसारखी कापते. दोरे उताराच्या बाहेर ओढून ठेवायचे. रोज वाजत असेल तर तारा उतरवू नयेत, रोजच्या ताण-ढिलाईने तबली उलट लवकर थकते. प्रवासाला जायचं असेल किंवा महिनाभर कुणी हात लावणार नसेल तर चारही तारा सारख्या, दोन-तीन स्वर उतरवाव्यात. एकच तार उतरवून बाकी तशाच ठेवल्या तर घोडी एका बाजूला कलते. कोपरा भिंतीला ओल नसलेला, खिडकीचं ऊन न येणारा, पंख्याच्या थेट झोताबाहेरचा. भोपळ्याखाली कापडाची चुंबळ, दांडी भिंतीला टेकवताना मध्ये मऊ काहीतरी. घरात लहान मूल असेल तर आडवा, पलंगावर नाही, जमिनीवर, भिंतीच्या कडेने, तबली वर करून.

मग गवसणी, आधी भोपळ्यावरून, शेवटी खुंट्यांवर नाडी, खुंटीला हिसका बसणार नाही इतपत सैल. दुसऱ्या दिवशी काढाल तेव्हा पंचम बहुधा जागेवर असेल. जोडातली दुसरी तार हटकून नसेल.